सूत्रं येतात, पण खरी शीट समोर आली की हात चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलंय, मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) यांची सूत्रं पाठ आहेत, पुस्तकातली उदाहरणं सुटतात, पण कुणी आकड्यांची खरी शीट दिली की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तर कोणता कोर्स करावा?

माझं मत विचाराल तर सध्या कुठलाच नको. तुम्हाला शिकवण्याची उणीव नाही, सरावाची आहे, आणि सरावासाठी आकडे ओळखीचे हवेत. पुस्तकातले आकडे निवडून, पाखडून दिलेले असतात. त्यात सुट्टीचा दिवस नसतो, टंकताना वाढलेलं शून्य नसतं, दोन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात कोंबलेल्या नसतात. खऱ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो.

मी नवीन मुलांना कांद्याच्या बाजारभावावर बसवतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण असे तीन दर क्विंटलमागे मिळतात. लासलगाव घ्या, एका महिन्याचे आकडे घ्या आणि पहिल्यांदा ते वहीत हाताने उतरवून काढा. कॉपी-पेस्ट करू नका. हाताने लिहिताना डोळा प्रत्येक आकड्यावर थांबतो आणि खटकणारा आकडा तिथेच सापडतो.

आधी त्या तीन दरांकडेच बघा. सर्वसाधारण दर हा किमान आणि कमाल दरांचा मध्य नव्हे. बहुतेक माल ज्या भावाने गेला तो हा भाव, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या बहुलकाचाच भाऊ. समजा किमान 500, कमाल 1800 आणि सर्वसाधारण 1500 आहे. दोन टोकांचा मध्य 1150 येतो, पण बाजार 1500 च्या आसपास झाला. याचा अर्थ बरा माल जास्त होता आणि गोल्टी (अगदी लहान कांदा) किंवा भिजलेल्या मालाच्या थोड्या लॉटनी खालचं टोक लांब ओढलं. वितरण डावीकडे झुकलेलं आहे असं पुस्तक ज्याला म्हणतं, ते हेच. एकदा कांद्यात दिसलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

आता हातानं करायचं गणित. नऊ दिवसांचे सर्वसाधारण दर असे आहेत असं धरू: 1400, 1450, 1450, 1500, 1500, 1500, 1550, 1550, 1600. बेरीज 13500, सरासरी 1500, मध्यकही 1500. आता एका 1550 च्या जागी चुकून 15500 टंकलं गेलं असं समजा. सरासरी थेट 3050 होते. मध्यक 1500 वरच राहतो. सरासरी आणि मध्यक यांच्यात एवढी दरी दिसली की पुढे जायचं नाही, आकडे क्रमाने लावून दोन्ही टोकं तपासायची. मी आजही कुठलीही शीट हातात आली की सगळ्यात आधी हेच करतो.

त्याच नऊ आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 30000 येते. 9 ने भागून वर्गमूळ काढलं तर उत्तर सुमारे 58, 8 ने भागून काढलं तर सुमारे 61. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत आणि मुलं जे आधी दिसेल ते वापरतात. तुमच्याकडे पूर्ण समूह आहे (मग 9 ने भागा) की त्यातला नमुना (मग 8 ने), हे ठरवल्याशिवाय फंक्शनला हात लावू नका. हातानं एकदा भागाकार केलेला माणूस हे विसरत नाही.

यानंतर आवकेचा रकाना. एका दिवशी 10000 क्विंटल माल 1400 ने गेला आणि दुसऱ्या दिवशी 2000 क्विंटल 2000 ने, तर दोन दिवसांचा सरासरी दर किती? पटकन 1700 म्हणाल. पण एकूण पैसे भागिले एकूण माल केलं की 1500 येतात. क्विंटलमागे 200 रुपयांचा फरक! भारित सरासरी पुस्तकात अर्ध्या पानात उरकतात, शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र सगळं तिच्यावरच असतं.

सुट्ट्यांबद्दल जरा कळकळीने सांगतो. लिलाव बंद असतो त्या दिवशीचा रकाना रिकामा ठेवायचा, त्यात 0 घालायचं नाही. एक्सेल सरासरी काढताना रिकामा रकाना सोडून देतं, पण 0 धरतं. माझ्या पहिल्या नोकरीत मी पाणीवापराच्या नोंदींत बंद मीटरच्या दिवशी 0 भरत गेलो आणि महिन्याची सरासरी कमी दाखवली. त्यावरून टाकीचा अंदाज बांधला गेला. चूक लक्षात आली तेव्हा वरिष्ठांनी मला मूळ वही आणायला लावली आणि एकेक शून्य लाल पेनाने खोडायला सांगितलं. रकाना रिकामा ठेवायची माझी सवय तिथे लागली.

आणखी एक खोड: मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळी असे दोन्ही कांदे बाजारात असतात. ते एकत्र करून आयतालेख (कुठल्या भावाच्या टप्प्यात किती नोंदी ते दाखवणारे उभे खांब) काढला तर कधीकधी दोन उंचवटे दिसतात, आणि सरासरी मधल्या खोलगट जागी पडते, जिथे फारसा माल विकलाच गेलेला नसतो. वेगवेगळे करा, मग बघा.

म्हणूनच आलेख आधी, आकडा नंतर. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 साली चार छोटे संच मांडले, प्रत्येकात 11 जोड्या. चारही संचांत जोडीतल्या पहिल्या आकड्याची सरासरी 9, दुसऱ्याची 7.5 आणि सहसंबंध (दोन्ही आकडे किती बरोबरीने बदलतात त्याचं माप) 0.816 च्या आसपास. आलेख काढला तर एक साधा विखुरलेला, एक वक्र, एक सरळ रेषा आणि बाहेर पडलेला एकच बिंदू, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. ते आकडे शोधून आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढा. तासभर लागेल.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य लिहायचं, तेही कांदा विकणाऱ्याला कळेल असं. ‘मध्यक = 1500’ एवढं लिहून थांबू नका. ‘निम्म्या दिवशी तरी भाव 1500 किंवा त्याहून जास्त होता’ असं लिहा. हे वाक्य जमत नसेल तर आकडा अजून तुम्हाला समजलेला नाही, परत वहीकडे जा.

एक महिना झाला की त्याच महिन्यासाठी पिंपळगावचे दर घ्या आणि दोन्ही बाजारांचे किमान, पहिला चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात), मध्यक, तिसरा चतुर्थक (ज्याच्या खाली पाऊण आकडे येतात), कमाल शेजारी शेजारी मांडा. त्या पानाचा फोटो इथे टाका, मी बघतो.