तुपाशिवाय मसालेभात: काजूची पेस्ट नको, आधी पाणी कमी करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि न राहवून लिहायला बसले. सून दूध, दही, तूप काहीच खात नाही, नातवाचं बारसं घरी आहे आणि पंगतीला मसालेभातच हवा. दोन वाट्यांचा नेहमी छान होतो, पण सराव म्हणून आठ वाट्यांचा केला तर गोळा झाला, तोंडली कचकचीत राहिली आणि तुपाविना चव सपाट लागली. आता काजूची पेस्ट घालू, वनस्पती तूप घालू की सरळ केटररला देऊन टाकू, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरी यातलं सगळं होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला मसालेभात येतो हे दिसतंच आहे, तेव्हा फोडणीपासून सुरुवात करत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तूप नाही म्हणून तुमचा भात बिघडलेला नाही. मसालेभाताच्या पातेल्यात तूप मुळात लागतच नाही, फोडणी तेलाचीच असते. तूप येतं ते पानात, वरून. गोळा झाला तो पाण्यानं आणि तोंडली कच्ची राहिली ती आंबटामुळे.

तुम्ही दोन वाट्यांना चार वाट्या पाणी घालता, म्हणून आठांना सोळा घातलंत. इथेच घात झाला. तांदूळ स्वतः पितो ते पाणी तांदळाच्या मापात वाढतं, पण वाफ होऊन जाणारं पाणी तसं वाढत नाही. ते पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर अवलंबून असतं. आठ वाट्यांच्या पातेल्यातून दोन वाट्यांच्या चौपट वाफ जात नाही, मग उरलेलं पाणी भातातच बसतं. वीस-तीस मिनिटं भिजवून निथळलेला जुना कोलम असेल तर आठ वाट्यांना साडेतेरा ते चौदा वाट्या पाणी पुरतं. फ्लॉवर, मटार भरपूर असतील तर साडेतेराच. पाणी बाजूच्या शेगडीवर खळखळ उकळलेलंच घाला. गार पाणी ओतलं की एवढं मोठं पातेलं पुन्हा उकळेपर्यंत तांदूळ नुसता फुगत बसतो आणि कडा मोडतात.

तांदूळ कुठला ते तुम्ही लिहिलं नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. माझं स्पष्ट मत आहे की पंगतीच्या मसालेभाताला कोलम घ्यावा, तोही जुना. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मला स्वतःला फार आवडतात. पण दोन्ही मुळात चिकट, त्यात नवा तांदूळ असला की मोठ्या पातेल्यात खालच्या थराचा लगदा ठरलेला. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर चिकट होतो. दुकानदाराला नुसतं ‘चांगला द्या’ म्हणू नका, ‘जुना आहे का’ असं विचारा. घरात आंबेमोहोरच हवा असा आग्रह असेल तर दोन पातेल्यांत चार-चार वाट्यांचा करा. बासमती घालू नका. गोड्या मसाल्याचा वास आणि बासमतीचा वास एकमेकांत मिसळत नाहीत, तो भात पुलावही होत नाही आणि मसालेभातही. काहींना हे पटणार नाही, त्यांनी खुशाल करावा.

आता तोंडली. तुम्ही टोमॅटो फोडणीतच घातला असं लिहिलंय. आंबट पडलं की भाजी आणि कडधान्य दोन्ही शिजायला वेळ घेतात. चिंच, टोमॅटो, आमसूल, काहीही असो. तोंडली उभी चार फोडी करून मोहरी-हिंग-हळदीच्या तेलावर टाका, मीठ घाला, झाकणावर पाणी ठेवा आणि नख रुतेल इतपत शिजू द्या. फोडी कडेनं किंचित सुरकुततात, हिरवा रंग जरा मवाळ होतो, तेव्हा तांदूळ टाकायचे. चिरताना आतून लाल निघालेलं तोंडलं बाजूला काढा, ते आंबट असतं. मसालेभातात टोमॅटो मला मुळीच मान्य नाही, पण तुमच्या घरची पद्धत असेल तर पाणी उकळल्यावर घाला. वांगी तोंडल्यांच्या नंतर, फ्लॉवरचे मोठे तुरे पाण्याला उकळी आल्यावर. मोठ्या पातेल्यात बटाटा टाळा. ढवळताना त्याचे कोपरे मोडतात आणि भाताला खळ सुटल्यासारखी होते.

सुनेसाठी हा भात पोटभरीचाही व्हायला हवा, कारण तिच्या पानात दही नाही, पनीर नाही, बासुंदी नाही. नुसत्या भाजीभातावर बाळंतिणीची भूक भागत नाही. म्हणून मी सोललेल्या डाळिंब्या घालते. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, आठ वाट्या तांदळाला तीन वाट्या तरी. तोंडल्यांबरोबरच तेलावर परतून घ्यायच्या. वाल सोलायला वेळ नसेल तर मोडाची मटकी घाला, थंडीचे दिवस असतील तर ओले पावटे किंवा सोलाणे. तांदळात लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं आणि कडधान्यात ते भरपूर, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की प्रथिनांची बाजू भक्कम होते. डाळिंबीभात आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होतोच आहे, नवीन काही शोधायची गरज नाही. (बाळंतिणीला वाल चालतात की वातूळ पडतात यावर घरोघरी वेगळी मतं असतात. मी डॉक्टर नाही. सुनेला आणि तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.)

चव सपाट लागली त्याबद्दल. पानातलं तूप दोन कामं करतं. एक, मोकळा भात घशाखाली उतरायला मदत करतं. दोन, गरम भातावर पडलं की वास वर आणतं. पहिलं काम ओल्या नारळावर सोपवा आणि हात आखडू नका. आठ वाट्यांना एक अख्खा मोठा नारळ खोवून घ्या, निम्मा भात मुरताना मिसळा आणि निम्मा वाढताना वरून घाला. दुसरं काम मसाल्याचं आहे आणि इथे बहुतेक जण कमी पडतात. पाकिटातला गोडा मसाला सहा महिने डब्यात राहिला की दगडफुलाचा वास उडतो आणि खोबरं खवट व्हायला लागतं. तूप असतं तेव्हा हे झाकलं जातं, तूप काढलं की लगेच कळतं. नवीन गोडा मसाला करायला वेळ नसेल तर निदान हे करा: धने, पांढरे तीळ, सुकं खोबरं, थोडं दगडफूल, दोन दालचिनीचे तुकडे आणि चार-सहा लवंगा वेगवेगळं मंद भाजून, गार करून, भरड वाटा. दोन वाट्या तांदळाला चार लहान चमचे या हिशेबानं निम्मा घरचा गोडा मसाला आणि निम्मा हा ताजा. तांदूळ परतून झाले की मसाला घाला, अर्धा मिनिट परता आणि लगेच उकळतं पाणी ओता. दळलेला मसाला जळायला वेळ लागत नाही आणि जळका वास मग नारळानंही जात नाही. तेल घाण्याचं शेंगदाण्याचं घ्या, नेहमीपेक्षा दोन पळ्या जास्त.

काजूची पेस्ट नको. तिनं भात चिकटतो आणि दगडफुलाचा वास दबतो. अख्खे काजू तेलात तळून वरून घाला, शोभाही येते. वनस्पती तूप तर अजिबात नको. भात कोमट झाला की टाळ्याला थर चढतो आणि चव लागतच नाही. तुपाच्या जागी काहीतरी आणून बसवायचं, हा विचारच मला पटत नाही.

आता केटररचं. यावर मला जास्त लिहायचंय, कारण आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. (आमचा अनुभव एका ठिकाणचा आहे, सगळे तसे नसतात, चांगली माणसंही भेटली आहेत.) घरच्या एका साखरपुड्याला एक मंगल कार्यालय घेतलं होतं. जेवण त्यांच्याच केटररचं घ्यायचं, बाहेरचं अन्न आणायचं नाही, असा नियम. आमच्या जाऊबाईंच्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे आणि भाचीनं प्राण्यांपासून येणारं सगळं सोडलंय. बुकिंगच्या वेळी सांगितलं, आठवडा आधी फोन करून सांगितलं, आदल्या संध्याकाळी ऑफिसात जाऊन पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी ‘हो मॅडम, तुमच्यासाठी वेगळं काढू.’ पंगत बसली, मसालेभात आला, वास आला आणि पोटात धस्स झालं. पातेल्यातच तूप ओतलेलं होतं. वाढप्याला काही माहीत नव्हतं, आचाऱ्यापर्यंत निरोपच गेला नव्हता. मॅनेजरचं उत्तर होतं की तूप म्हणजे काही दूध नव्हे, शिवाय गाईचं आहे, काही होत नाही.

होतं. तुपात दुधाची प्रथिनं बहुतांशी निघून गेलेली असली तरी थोडा अंश राहतो, आणि ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याला तेवढा पुरतो. पोरानं दोन घास खाल्ले होते. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला. औषध जवळ होतं म्हणून निभावलं, पण त्याची आई हॉलच्या मागच्या खोलीत त्याला मांडीवर घेऊन बसली आणि साखरपुडा तिला दिसलाही नाही. भाची त्या दिवशी पापड आणि केळं खाऊन उठली. तिच्यासाठी आम्ही समोरून डोसा मागवला, तर बाहेरचं अन्न आणलं म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. तक्रार केली तर ‘ऑर्डरच्या कागदावर असं काही लिहिलेलं नाही’ एवढंच ऐकायला मिळालं. कागद त्यांनीच भरला होता. आजही त्या ऑफिसातलं ते हसरं ‘हो मॅडम’ आठवलं की माझं डोकं तापतं. आजारी पोराच्या आईला उत्तर देताना माणसानं निदान खुर्चीतून उठावं.

म्हणून, केटररला द्यायचंच असेल तर ‘व्हीगन’ (प्राण्यांपासून येणारं काहीच नको) हा शब्द वापरून थांबू नका. तो ऐकून मान हलवतात आणि मनात ‘शाकाहारी’ असं धरतात. एकेका पदार्थाचं नाव घ्या: तूप, लोणी, दूध, दही, ताक, साय, खवा, पनीर, मध. ऑर्डरच्या कागदावर हे तुमच्या हातानं लिहा, सही घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॅनेजरला सांगून झालं की आचाऱ्याशी समोरासमोर बोला, कारण पळी त्याच्या हातात असते. वरून तूप सोडायच्या आधी सुनेचा भात वेगळ्या डब्यात काढायला लावा, वाढायची पळीही वेगळी. खरं तर आठ वाट्यांसाठी केटरर कशाला, असंच माझं मत आहे. घरीच करा आणि सगळा भात बिनतुपाचाच करा. ज्यांना हवं त्यांना पानात तुपाची धार वाढा. मग चुकायला जागाच राहत नाही.

आणखी एक, पाकिटांवरचा हिरवा ठिपका बघून निश्चिंत होऊ नका. तो फक्त शाकाहारी सांगतो, त्यात दूध पावडर असू शकते. प्राणिजन्य काहीच नसलेल्या पदार्थांसाठी एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं) 2022 मध्ये वेगळे नियम केले. त्याचं चिन्ह हिरव्या चौकोनातलं व्ही आणि त्यावर पान असं असतं. तयार बिर्याणी मसाला, सूप पावडर, बिस्किटं यांच्या मागची यादी वाचाच. सुनेला गहूही चालत नसेल तर हिंगाची डबीही बघा, बांधानी (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बहुधा मैदा असतो.

मठ्ठ्याऐवजी सोलकढी ठेवा, किंवा नारळाच्या दुधातलं टोमॅटोचं सार. सार खळखळ उकळू नका, फुटतं. कोशिंबिरीला खमंग काकडी, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून, फोडणी तेलाची. विकतची जिलबी टाळा, पिठात दही असू शकतं आणि तळणीत तूपही. त्यापेक्षा मालवणी शिरवाळे करा, तांदळाच्या शेवया आणि गुळाचा नारळरस, किंवा गोव्याकडचं मणगणं, चणाडाळ-साबुदाण्याचं. फक्त त्यातले काजू तुपात तळायचे नाहीत. हे पदार्थ मुळातच नारळाच्या दुधातले आहेत, त्यामुळे पंगतीत सुनेचं पान वेगळं दिसत नाही. बाळंतिणीला ते बरं वाटतं.

पाणी आटत आलं, भातावर भोकं दिसायला लागली की पातेल्याखाली जाड तवा सरकवा, आच अगदी मंद करा, घट्ट झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटं हात लावू नका. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं. मग कडेनं उलथनं घालून खालचा भात अलगद वर आणा.

बारशाच्या आधी एकदा आठ वाट्यांचाच सराव करा, दोन वाट्यांचा करून उपयोग नाही. तांदूळ कुठला आहे, नवा की जुना, आणि पातेलं पितळेचं की ॲल्युमिनियमचं ते इथे कळवा, म्हणजे पाण्याचा अंदाज नेमका सांगता येईल.