उन्हाळ्यात सोलर पॅनलवर पाणी मारलं तर वीज वाढते का?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात पॅनल लई तापतात तर वर स्प्रिंकलर बसवून गार ठेवले तर युनिट वाढतील का. वाढतात, पण स्प्रिंकलरचा खर्च काय निघत नाही, मी सोलापुरात हा उद्योग करून बसलोय म्हणून सांगतो.

पॅनलला उजेड पाहिजे असतो, गरमी नको असते. त्याच्यावर जे ५४० वॅट लिहिलेलं असतं ते सेलचं तापमान २५ डिग्री धरून, आणि आपल्याकडे एप्रिलात हवाच ४२ असती, मग पॅनल ६५-७० ला जातो. डेटाशीट काढून टेम्परेचर कोइफिशंट बघा, माझ्या पॅनलचा मायनस ०.३५ टक्के आहे, म्हणजे २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला तेवढी पॉवर कमी, २५ पेक्षा ४० डिग्रीनं वर, म्हणजे ६५ ला गेला की १४ टक्के गेले. करंट किंचित वाढतो पण व्होल्टेज त्याच्यापेक्षा जास्त पडतो, म्हणून एकूण तोटाच.

मागच्या एप्रिलात दुपारी एक वाजता बागेचा पाईप घेऊन गच्चीवर गेलो. ३.२४ किलोवॅटची सिस्टीम, ॲपवर २.२ दिसत होतं, पाणी मारल्यावर २.५ झालं! लगेच स्प्रिंकलरचे भाव काढले. आई खालून ओरडतीय, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय आणि तू काचेला आंघोळ घाल. पाणी बोअरचं होतं पण ते तिला कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच पॅनल पुसून घेतले आणि दुपारी परत मारलं, तर २.३८ वरून २.५२, बास. म्हणजे आदल्या दिवशी जे वाढलं त्यात निम्मी तर धूळ होती, आणि गारवा दहा-पंधरा मिनिटांत गेला.

आता हिशोब करा, दुपारचे चार तास गार ठेवले तरी अर्धा-पाऊण युनिट मिळणार, आणि अर्धा एचपीची मोटर थांबून थांबून दिवसात तासभर जरी चालली तरी ती अर्धा युनिट खाणार. वर बोअरच्या पाण्याचे क्षार, चार दिवसांत माझ्या काचेवर पांढरे ओघळ बसले, ते व्हिनेगर लावून घासत बसलो. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर तडकायची भीती असते, म्हणून धुवायचं ते सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच.

पैसे घालायचेच असतील तर स्ट्रक्चर उंच करून घ्या, खालून वारा खेळला की पॅनल आपोआप गार राहतो. आमच्या शेजारच्या पॉवरलूमच्या शेडवर पत्र्याला चिकटून चार इंचावर पॅनल ठोकलेत, त्याच दुपारी टेम्परेचर गनवर माझा ६६ आणि त्यांचा ७४ दाखवत होता. अजून पॅनल घेतले नसतील तर कोइफिशंट मायनस ०.३० च्या आसपासवाले टॉपकॉन (नव्या प्रकारच्या सेलचे) पॅनल बघा, फरक थोडाच आहे पण तो रोज फुकटात मिळतो.

मी आता आठवड्यातून एकदा सकाळी सहाला दोन बादल्या नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ वायपर घेऊन वर जातो. स्प्रिंकलरचं सामान आणलं होतं ते आईच्या कुंड्यांना लावलंय.