'विडरशिन्स' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

तुम्ही लिहिलंय की एका स्कॉटिश परीकथेत मुलगी चेंडू आणायला चर्चला 'विडरशिन्स' वळसा घालते आणि नाहीशी होते. शब्दकोशात मात्र 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने' एवढंच मिळालं. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्याने ती नाहीशी का झाली ते कळत नाही.

मराठीत मला याच्या सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो 'अपसव्य'. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी "अपसव्य करा" म्हणाले की मी जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतो. देवांची बाजू सोडून पितरांच्या बाजूला गेल्याची ती खूण. विडरशिन्स फिरणंही असंच रोजच्या जगाची बाजू सोडणं आहे, फक्त तिथे पलीकडे पऱ्या आणि चेटकिणी असतात. 1590-91 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकचे चेटकाचे खटले चालले. राजा सहावा जेम्स स्वतः त्या चौकशीत बसला होता. तिथल्या जबान्यांमध्ये चर्चच्या आवारात लोक विडरशिन्स फिरल्याचा उल्लेख आहे. त्या जबान्या छळ करून काढलेल्या होत्या, हे विसरू नये.

आता व्युत्पत्ती. 'शिन्स' म्हणजे नडग्या नव्हेत, आणि सूर्याचा 'सन'ही नव्हे. शब्द जुन्या जर्मन बोलींतून आला. 'विडर' म्हणजे विरुद्ध आणि 'सिन' म्हणजे वाट, दिशा. शेवटचा 'स' हा जुना षष्ठीचा प्रत्यय, 'ऑल्वेज'मध्ये आहे तोच. इंग्रजीतला 'विथ'सुद्धा या 'विडर'च्याच कुळातला. मुळात त्याचाही अर्थ 'विरुद्ध' होता, तो 'विथस्टँड'मध्ये अजून शिल्लक आहे.

म्हणून सुरुवातीला विडरशिन्स म्हणजे नुसतं 'उलट्या दिशेने'. स्कॉटिश कवी गेव्हिन डग्लसने 1513 मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचं स्कॉट्स भाषेत भाषांतर पूर्ण केलं, त्यात भीतीने माणसाचे केस विडरशिन्स उभे राहतात! सूर्याच्या उलट फिरण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर सूर्य डावीकडून उजवीकडे जातो. ती शुभ दिशा, तिच्या उलट ती अशुभ.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो त्याचा विरुद्धार्थी शब्द, 'डीशल', म्हणजे सूर्याच्या दिशेने, उजवी बाजू मध्याकडे ठेवून. तो स्कॉटिश गेलिकमधून, म्हणजे स्कॉटलंडच्या एका जुन्या भाषेतून आला. त्यातल्या मूळ गेलिक शब्दाचे दोन अर्थ आहेत: उजवा आणि दक्षिण. संस्कृत 'दक्षिण'चेही नेमके हेच दोन. पूर्वेला तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिण येते, म्हणून. हा योगायोग नाही, दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून, म्हणजे या भाषांच्या समान पूर्वज भाषेतून आलेत. आपली 'प्रदक्षिणा' आणि त्यांचं 'डीशल' अशी सख्खी चुलत भावंडं निघतात. विडरशिन्सचं मात्र आपल्या 'अपसव्य'शी असं नातं जोडू नका. त्यांचं साम्य आहे ते अर्थाचं.

तुमच्या परीकथेतलं वाक्य मराठीत आणायचं असेल तर 'घड्याळाच्या उलट' टाळा. 'ती चर्चला उलटी प्रदक्षिणा घालत धावली' असं लिहा. आपल्याकडच्या वाचकाला पुढे काहीतरी वाईट घडणार हे तिथेच कळेल.