होडी विकण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

होडी विकून किनाऱ्यावरच्या वॉटर स्पोर्ट्समध्ये भागी घ्यायची म्हणतोस. मला ते पटलं नाही. नुसत्या मासळीवर घर चालत नाही, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण दुसरी मिळकत निवडताना रुपयांआधी महिने मोज. पाऊस लागला की पर्यटकांच्या बोटीही बंद. हात रिकामे राहतात त्याच दिवसांत हा धंदाही थांबणार, मग जोड कसली?

उलट १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ताजी मासळी महागते. उघडीप मिळाली की खाडीच्या तोंडाशी तुझ्या छोट्या होडीने आणलेल्या चार माशांनाही भाव येतो. आणि नेमकी तीच तू विकायला निघालास!

आधी आईकडे बघ. बांगडे, सुंगटं (कोळंबी) सुकवून ती पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकते, आणि घरात सगळे त्याला 'तिचा वरखर्च' म्हणतात. मला याचा राग येतो. तो धंदा आहे. त्याची वही घाल. वाळूवर सुकवण्याऐवजी बांबूचा माच बांधून वर जाळं ताण. मासळीला खालून-वरून वारा लागतो, वाळू चिकटत नाही, गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं.

दुसरं, शिणाणे, म्हणजे खाडीतले खाण्याचे शिंपले. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सुती जाळीत गुंडाळून दोरीला बांधतात. जाळी कुजून जाते तोवर शिणाणे स्वतःच दोरीला घट्ट चिकटलेले असतात. पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की ते मरतात, म्हणून मे सरण्याआधी काढावेच लागतात. म्हणजे पैसा ऐन पावसाच्या तोंडावर हातात. मात्र शिणाणे पाणी गाळून जगतात, पाण्यातली घाण त्यांच्यातच साठते. सांडपाणी येतं तिथे दोरी टाकायची नाही, कितीही सोयीची जागा असो. मच्छीमार खात्याची परवानगी आधी विचार. पहिल्या वर्षी थोड्याच दोऱ्या टाक.

खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. सावकाराकडे जाण्याआधी बँकेत जा.

जुने गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे मत्स्यविज्ञानाची माणसं भेटतील. जायचा दिवस ठरला की कळव, मीही येतो. आपल्या खाडीचं पाणी तपासून कुठे मिळेल, ते मलाही विचारायचं आहे.

तुझा,
काका