सिम्फनिक ब्लॅक मेटलमध्ये ऑर्केस्ट्रा खरंच गोष्ट सांगतो, की नुसता थाटमाट असतो?

सिम्फनिक ब्लॅक मेटल म्हणजे किंचाळतं गाणं, अतिवेगवान ड्रम-गिटार आणि त्यावर ऑर्केस्ट्रा. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. गायक काय किंचाळतो ते कळत नाही, मग गोष्ट कसली? आणि मागचे व्हायोलिन-ट्रम्पेट भारी वाटावं म्हणून चिकटवल्यासारखे वाटतात. दुसरी तक्रार बऱ्याच बँडच्या बाबतीत खरी आहे. गिटारचीच ओळ वरच्या सप्तकात व्हायोलिनने वाजवायची, एवढंच जिथे चालतं तिथला ऑर्केस्ट्रा काढून टाकला तरी काही बिघडत नाही. पण चांगल्या बँडमधून तो काढलात तर गोष्टच उरत नाही. शब्द ऐकू येत नाहीत म्हणूनच तर सांगायचं काम त्याच्याकडे आलेलं असतं.

मी कुडाळकडचा. जत्रेतले दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागेवर रचतात, आणि रात्री दोन वाजता गर्दीच्या टोकाला उभे असाल तर अर्धे शब्द तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. तरी आता राक्षस येतोय की राजपार्ट, हे तो नट दिसायच्या आधीच कळतं. पखवाजाची चाल बदलते, पेटीवाला सूर धरतो, झांज चढते, आणि पेंगणारी पोरं ताठ बसतात.

ब्लॅक मेटलमध्ये ही गरज जास्तच. ब्लास्ट बीटमध्ये ड्रमवाला स्नेअर, बास ड्रम आणि सिंबल इतक्या वेगात, इतका वेळ मारत राहतो की काही वेळाने वेग जाणवेनासाच होतो. गिटारही ट्रेमोलोने एकेक स्वर भरभर छेडत असते. सगळं धावतंय, पण हलत काहीच नाही. अशा वेळी प्रसंग बदलल्याचं सांगतात ते लांब धरलेले स्वर. खाली धावपळ चालू असते आणि वर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सावकाश, कित्येक मात्रांनी एकदा, बदलते.

पेटी किंवा कीबोर्ड असेल तर करून बघा. ई मायनर ही उदास वाटणारी कॉर्ड धरा, म्हणजे ई, जी आणि बी. आता सी मायनरवर जा. जीवरचं बोट जागचं हलत नाही, ई अर्धा स्वर खाली येतो, बी अर्धा स्वर वर चढतो. बोटं जेमतेम सरकली, पण खोलीत कुणीतरी शिरल्यासारखं वाटतं. अशा मायनर-मायनर उड्या या संगीतात जागोजागी सापडतील. एकदा हाताला कळल्या की कानाला लगेच ओळखू येतात.

खऱ्या ऑर्केस्ट्राची गरज असतेच असंही नाही. एम्परर या नॉर्वेच्या बँडचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ हा अल्बम १९९४ मध्ये आला. तो रेकॉर्ड झाला बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे तिथल्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या घरातच, पण अल्बमवरची सगळी ‘व्हायोलिनं’ कीबोर्डची! तरी त्यातलं थंडगार जंगल डोळ्यांपुढे उभं राहतं. डिम्मू बोर्गिर या नॉर्वेच्याच बँडने मात्र पैसा ओतला. २००१ मध्ये गोथेनबर्ग ऑपेराचे वादक, २००३ च्या ‘डेथ कल्ट आर्मगेडन’साठी प्रागचा ऑर्केस्ट्रा, २०१० मध्ये नॉर्वेच्या रेडिओचा ऑर्केस्ट्रा आणि वर गायकवृंद. माझ्या मते २००३ चा तोल सर्वांत चांगला. २०१० मध्ये गिटारला बसायला जागाच उरली नाही.

आता गोष्टीकडे. क्रेडल ऑफ फिल्थ या इंग्लंडच्या बँडचा १९९८ चा ‘क्रुएल्टी अँड द बीस्ट’ एलिझाबेथ बाथोरी या, मुलींच्या हत्यांचा आरोप असलेल्या हंगेरीच्या सरदारणीवर आहे. तिच्या तोंडचं निवेदन केलंय इन्ग्रिड पिट या नटीने. हिनेच १९७१ च्या ‘काउंटेस ड्रॅक्युला’ या चित्रपटात त्याच बाईवर बेतलेली भूमिका केली होती. म्हणजे किंचाळणाऱ्याच्या शेजारी शांत बोलणारी बाई आणून बसवली, आणि भीती तिचीच जास्त वाटते.

पण तुम्हाला मी कराख आंग्रेनपासून सुरुवात करायला सांगेन. हा नेदरलँड्सचा बँड जवळजवळ फक्त भुताच्याच गोष्टी सांगतो. २००८ चा ‘लामेन्डाम’ त्यांच्याकडच्या पांढऱ्या वेशातल्या बाईच्या भुताच्या दंतकथेवर, आणि २०१० चा ‘डेथ केम थ्रू अ फँटम शिप’ फ्लाइंग डचमनवर. काहीही झालं तरी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालीनच, अशी शपथ घेतलेला कप्तान आणि कायमचं भरकटलेलं त्याचं गलबत. ते दिसलं की अपशकुन. देवचाराच्या, म्हणजे कोकणातल्या राखणदार भुताच्या, गोष्टी ऐकत झोपलेल्या आमच्यासारख्यांना यात परकं काहीच नाही. शिवाय वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत. तिथे माल भरायला येणारे खलाशी याच केपला वळसा घालून यायचे.

त्यांचा कीबोर्डवाला आर्डेक ऑर्केस्ट्रा कसा वापरतो तेही ऐका. वाद्यांचा कल्लोळ करतो आणि मग अचानक सगळं थांबवून एकटा पियानो ठेवतो. गायक सेरेगोर एकाच गाण्यात कुजबुजतो, घोगरा होतो, किंचाळतो. माणसं बदलली हे शब्द न कळताही कळतं. काही ठिकाणी थोडं जत्रेतल्या भुताच्या खेळासारखं भडक होतं, हे मान्य. मला ते आवडतं, तुम्हाला कदाचित हसू येईल.

पहिल्यांदा ऐकताना गाण्यांचे शब्द समोर उघडून ठेवा, दुसऱ्यांदा बंद करून ऐका. हेडफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो आणि डबल बासचे खालचे स्वर नीट ऐकू येत नाहीत, आणि संकट येतंय याची वर्दी बहुतेक वेळा तेच देतात.