'जज करू नका'ला मराठीत काय म्हणावे?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला त्या मुलांना येशूच्या डोंगरावरील प्रवचनातला एक उतारा सांगतात. त्यातल्या 'जज करू नका'साठी 'न्याय करू नका' हे शब्द चालतील का, आणि 'गिल्ट' व 'ग्रेस' यांना मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

'न्याय करू नका' असे कृपा करून म्हणू नये. मालिकांतली पात्रे 'माझा न्याय करू नकोस' असे रडवेल्या सुरात म्हणू लागल्यापासून हा प्रयोग माझ्या कानाला सारखा खुपतो आहे. मराठीत न्याय ही मागण्याची गोष्ट आहे. त्यासाठी माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात, आणि चांगला नट भूमिकेला 'न्याय देतो' तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. 'माझा न्याय करू नका' याचा सरळ अर्थ 'माझ्यावरचा अन्याय तसाच राहू द्या' असा होतो. रोजच्या बोलण्यासाठी 'नावे ठेवणे' हा नेमका प्रयोग आपल्याकडे आहे. तो वापरावा आणि पुढे जावे.

आता त्या उताऱ्याकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे त्याच्या शुभवर्तमानाच्या, 7व्या अध्यायाची सुरुवात मराठी बायबलात अशी आहे: 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.' भाषांतरकाराने न्यायाच्या वाटेला न जाता 'दोष काढणे' पत्करले, आणि त्यामुळे मूळ ग्रीकमध्ये नसलेली एक वीण मराठीत आली. दोनच वाक्यांनंतर भावाच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ येते, आणि तिथेही क्रियापद 'काढणे' हेच आहे. ग्रीकमध्ये पहिल्या जागी 'क्रिनेइन', म्हणजे निवाडा करणे, आणि दुसऱ्या जागी 'एकबालेइन', म्हणजे बाहेर टाकणे, अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. मराठीत मात्र दोषही काढायचे आणि कुसळही काढायचे. यांपैकी एक काढणे म्हणजे चारचौघांत उघडे करणे आणि दुसरे म्हणजे खुपणारी वस्तू दूर करणे. एकाच धातूचे हे दोन अर्थ त्या उताऱ्यात समोरासमोर उभे राहतात. हा योगायोग आहे असे मला पटवून देण्याचा प्रयत्न आजवर दोघांनी केला आणि दोघेही फसले.

कुसळ म्हणजे काय हे शहरातल्या मुलांना दाखवावे लागते. लहानपणी मळणीच्या वेळी माझ्या डोळ्यात एकदा भाताचे कुसळ गेले होते. शेजारच्या वयस्क बाईंनी मला पायरीवर बसवले, पापणी अंगठ्याने उलटली, लुगड्याच्या पदराचे टोक जिभेने ओले केले आणि एका हळुवार फटकाऱ्यात ते केसासारखे कुसळ बाहेर काढले. त्याआधी त्यांनी स्वतःचे डोळे दोनदा पुसले होते, कारण खळ्यावरच्या धुळीने त्यांनाही नीट दिसत नव्हते. कुसळ काढायला किती जवळ यावे लागते आणि स्वतःची नजर किती स्वच्छ असावी लागते, हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

ग्रीकमधला 'कार्फोस' म्हणजे वाळलेली काडी किंवा भुसाचा कण, आणि 'दोकोस' म्हणजे छपराची तुळई. पोर्तुगीजमध्ये 'आर्गेइरो' आणि 'त्रावे' असे शब्द आहेत, आणि त्यातही तुळई तुळईच राहिली आहे. मराठीतही शब्दशः 'काडी आणि तुळई' करता आले असते. ते न करता कोणीतरी तुळई खाली उतरवून तिच्या जागी कांडणाचे मुसळ ठेवले आणि कुसळ-मुसळ हे यमक साधले. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ही म्हण त्यामुळेच तोंडी बसली, असे माझे मत आहे. म्हणींचे संग्रह करणारी मंडळी तिला अस्सल देशी ठरवतात आणि पुराव्यादाखल महाभारतातल्या शकुंतलेचे वचन पुढे करतात: राजा, दुसऱ्याचे मोहरीएवढे छिद्र तुला दिसते, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असूनही दिसत नाही. वचन सुरेख आहे, पण त्यात मोहरी आहे, बेलफळ आहे, डोळ्यात रुतलेले काहीच नाही. डोळ्यात मुसळ असणे ही अशक्य, हास्यास्पद कल्पना त्या प्रवचनाची खूण आहे. ती खूण म्हणीत जशीच्या तशी आहे, आणि एवढ्यावर तरी संग्राहकांनी आपला हट्ट सोडावा. मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपुराहून 1805 साली छापले. म्हणजे म्हण रुळायला दोनशे वर्षे मिळाली आहेत, आणि तेवढी पुरेशी आहेत.

'क्रिनेइन'बद्दल एक सांगायचे राहिले. त्याचा मूळ अर्थ चाळणे, वेगळे करणे असा आहे. आपला 'निवाडा' हा शब्दही 'निवडणे'पासून आला आहे, म्हणजे सुपात तांदूळ निवडणारी बाई आणि पीठासनावरचा न्यायाधीश मुळात एकच काम करतात. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या कोकणी प्रार्थनेत तर याहून झणझणीत शब्द आहे. तिथे जिवंतांची आणि मेलेल्यांची 'झडती' घ्यायला प्रभू येणार असतो. मराठी वाचकाला झडती म्हटले की पोलीस आणि उलटे केलेले खिसे आठवतात, पण हिशेब तपासून चुकता करणे हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. येशूने शिकवलेल्या 'प्रभूच्या प्रार्थने'त 'आमची ऋणे आम्हांस सोड' असे मागणे आहे, त्या हिशेबाशी तो नीट जुळतो.

राहिले बाईंचे दोन शब्द. 'गिल्ट'साठी 'अपराधी भावना' हा वर्तमानपत्री शब्द सोडून द्यावा आणि 'टोचणी' म्हणावे, कारण मुलांना कुसळ समजले असेल तर टोचणी वेगळी समजावावी लागणार नाही. 'ग्रेस'साठी 'कृपा' आहेच, आणि गोव्यातल्या देवळाबाहेर व इगर्जीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, फारसा भेद न करता तो वापरला जातो. कोकणीत त्याचेच 'कुर्पा' झाले आणि 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले' असे ते मरियेच्या प्रार्थनेत रोज म्हटले जाते. कुमसार (पापांची कबुली), कुमगार (प्रभुभोजनाचा प्रसाद घेणे) हे विधींचे शब्द पोर्तुगीजमधून घेणाऱ्यांनी इथे 'ग्रासा' न घेता संस्कृतातला शब्द ठेवला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. वर्गात मात्र बाईंनी आधी गुणपत्रिकेतल्या 'ग्रेस'च्या गुणांचा दाखला द्यावा. दोन गुण कमी पडलेल्या मुलाला ते न कमावता मिळतात, आणि शेजारचा मुलगा लगेच त्याच्या गुणपत्रिकेत डोकावतो.