वडिलांना (68, बीपी, तोल जातो) चीगोंगचा खरंच फायदा होईल का?

होईल, पण यूट्यूबवर सांगतात तेवढा नाही. चीगोंग म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हालचाली करायचा चिनी व्यायाम. तज्ञ वगैरे नाहीये मी, अनुभव सांगते. नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे आम्ही तीन वर्षं शांघायला होतो, माझं दिवसभर लॅपटॉपवर काम, मान आणि उजवा खांदा पार आखडलेला. घराजवळ फूशिंग पार्क, सकाळी सकाळी आजी-आजोबांनी नुसतं फुललेलं, त्यातल्याच एका रिटायर्ड बाईंनी मला हाताला धरून रांगेत उभं केलं. त्यांना मी आयी म्हणायचे, चिनीत आयी म्हणजे मावशी, हे फोनवर सांगितलं तर माझी आई आधी रुसलीच!

त्या करायच्या ते बादुआनजिन, चीगोंगचाच एक प्रकार. आठ हालचाली, सगळ्या उभ्यानेच, पंधरा मिनिटांत आटपतं. दोन्ही हात आभाळाकडे ढकलायचे, मग धनुष्य ताणल्यासारखं, मग मान वळवून मागे बघायचं, असं करत शेवटी टाचा उचलून धप्पकन खाली, सात वेळा. बघून वाटलं हा कसला व्यायाम, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या नुसत्या बोंबलत होत्या, कारण यातलं बरंचसं गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून करायचं असतं, तेही एकदम सावकाश. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे, पायात ताकद येते, वजन या पायावरून त्या पायावर न्यायची सवय होते आणि श्वास आपोआप लांब होतो. ती 'ची' म्हणतात ती, म्हणजे अंगात वाहणारी ऊर्जा, मला कधी जाणवली नाही, आयींना रोज जाणवायची.

याचं भावंड ताई ची, त्याने म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होतं हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय, 2012 मध्ये अमेरिकेत 195 पार्किन्सन पेशंटवर चाचणी झाली त्यातही तोल सुधारला. चीगोंगवरचे अभ्यास बरेचसे छोटे आहेत, बीपी थोडं उतरतं, झोप बरी लागते असं दिसतं, पण गोळी बंद करण्याइतकं अजिबात नाही. कॅन्सर बरा करतो म्हणणारा दिसला तर सरळ ब्लॉक करा. 1980 च्या दशकात चीनमध्येच असल्या गुरूंचं पेव फुटलेलं, नंतर 2003 मध्ये सरकारी क्रीडा खात्याने चार प्रकार नीट बसवून दिले, बादुआनजिन त्यातलाच एक, तोच शोधा.

वडिलांना आधी खुर्चीची पाठ धरून करू दे. सहाव्या हालचालीत कमरेत वाकून पाय धरायचे असतात, ती बीपीवाल्यांनी अर्धीच करावी, डोकं खाली लटकवायचं नाही. टाचा पण आपटू नका, हळूच टेकवा. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

माझा हात दोनेक महिन्यांत वर जायला लागला, पण तेव्हा फिजिओथेरपीही चालू होती त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही. आयींच्या मते फिजिओचे पैसे पाण्यात गेले.